लाल सोलपटं

"स्वतः खणल्याशिवाय कुठल्याही मातीवर सही करू नकोस. आणि खताच्या खड्ड्याजवळची माती घेऊ नकोस, ती सगळ्या रानाबद्दल खोटं सांगते."

बाबांना तिनं तसा शब्द दिला होता. माती तपासणीच्या या दोन खोल्यांत बाबांनंतर तीच बसू लागली आणि वीस वर्षं तिनं तो शब्द जपला. मोडला एकदाच, गेल्या वर्षी, धाकट्या भावासाठी.

"ताई, एवढ्या उन्हात कशाला येतेस? पिशवीभर मीच आणून देतो. का भरवसा नाही माझ्यावर?"

भरवसा होता. माती आली ती काळीभोर, भुसभुशीत. 'उत्तम' असा शेरा मारून तिनं सही केली. त्या कागदावर विसंबून मावशीनं, म्हणजे आईच्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं, भावाचं रान कसायला घेतलं आणि जपून वाढवलेली लिंबाची सगळी रोपं तिथं लावली.

आज तीच मावशी टेबलावर एक डहाळी ठेवून बसली होती. कोवळी पानं पिवळीधमक, शिरा तेवढ्या हिरव्या.

"खत घातलं, पाणी घातलं, लेकरांसारखं केलं गं. तरी ही उपाशीच कशी?"

"लोह मिळत नाहीये, मावशी. रानात चुनखडी जास्त असली की लोह मातीत असूनही विरघळत नाही. आणि मुळांना विरघळलेलंच पिता येतं. ताट वाढलेलं, पण घास तोंडात जात नाही."

"पण तुझ्या कागदात चुनखडीचं नावही नाही!"

ती उठली. मावशीपुढे पाण्याचा पेला ठेवून आतल्या खोलीत गेली. प्रत्येक नमुन्यातली मूठभर न चाळलेली माती बरणीत राखून ठेवायची, ही बाबांचीच शिस्त. भावाच्या नावाची बरणी तिनं पांढऱ्या कागदावर रिकामी केली. चहाचा चोथा निघाला. मग चिमट्याच्या टोकाला लाकडाची पातळ सोलपटं आली, कडेनं लाल. सुताराच्या पेन्सिलीची.

भाऊ सुतार होता. त्याच्या कारखान्यामागच्या खताच्या खड्ड्यात तो सगळा केरकचरा टाकायचा.

तिनं फोन लावला. "खड्ड्यातली माती दिलीस मला?"

पलीकडचा रंधा थांबला.

"मग काय करू? रानातली दिली असती तर मावशी आली असती होय? आणि तू तर माझ्यासाठी डोळे झाकून सही करतेस, म्हणून तर..." तो हसला. "चार पानं पिवळी पडली म्हणून काय आभाळ कोसळलं? घरचं घरात ठेव, ताई."

डोळे झाकून. म्हणजे त्यानं ते आधीच गृहीत धरलं होतं. तिच्या मायेचंच माप काढून ठेवलं होतं त्यानं.

ती बाहेर आली. "मावशी, तो कागद खोटा आहे. माती दुसरीकडची होती. आणली भावानं, पण सही माझी."

मावशी तिच्याकडे पाहतच राहिली. "अगं, तुझं नाव ऐकून घेतलं गं मी ते रान."

"ठाऊक आहे."

तिनं जुन्या अहवालावर आडवी रेघ मारली. कोपऱ्यातलं बाबांचं फावडं, बादली आणि कोरी पिशवी उचलली. चपला घातल्या, आणि उन्हात एकटीच रानाच्या वाटेला लागली.