खळ्यावरची धाव

"पेरायच्या रानाचं खळं करणारा माणूस जन्मात पहिल्यांदा बघतेय मी," खळेकराची बायको बांधावर उभी राहून म्हणाली. "शेजारी विचारतायत, मालकांचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून."

"नाही म्हणून सांग," खळेकर म्हणाला आणि हातातलं चोपणं त्यानं पुन्हा ओल्या मातीवर आपटलं. "कडेकडेनं एक पट्टीच घेतोय. मधलं रान तुझंच आहे. पेर त्यात काय पेरायचं ते."

"तुमची बहीण आठ दिवस येणार माहेराला, आणि आपण वर्षभर काय खायचं?"

"एका पट्टीनं उपाशी मरत नाही कुणी."

बायकोनं कपाळाला हात लावला आणि पाण्याचा हंडा त्याच्या बाजूला आदळून ती निघून गेली. हंडा मात्र भरून आणला होता.

खळेकराची बहीण म्हणजे गावाची वावटळ. लहानपणी गुरांच्या मागं धावायची तेव्हा पडलेलं नाव, ते पुढं ती जगभर धावली तरी गावानं सोडलं नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिनं देशोदेशीच्या बायकांना मागं टाकलं होतं. तिचे फोटो शाळेत होते, दवाखान्यात होते, न्हाव्याच्या आरशावरही होते. पुढच्या महिन्यात जगातली सगळ्यात मोठी शर्यत होती आणि त्याआधी ती विसाव्याला घरी यायची होती. विसावा म्हणजे काय, तर पहाटे उठून धावायचंच. मागच्या वेळी ती गाडीवाटेच्या चाकोऱ्यांतून धावली होती आणि ते बघून खळेकराच्या जिवाला लागलं होतं. पंचक्रोशीत आपल्या हातासारखं खळं कुणाचं नाही आणि आपली बहीण खड्ड्यांतून धावते?

तशी पंचक्रोशीला आता खळ्याची गरज उरली नव्हती. मळणीची यंत्रं आली, धान्य रानातल्या रानात पोत्यात जाऊ लागलं आणि खळेकराला कुणी विचारेना. एके काळी सुगीच्या आधी त्याच्या दारात माणसं ताटकळत बसायची. आता नाव तेवढं राहिलं होतं. म्हणून खरं सांगायचं तर ही धावपट्टी निम्मी बहिणीसाठी होती आणि निम्मी गावाला दाखवायला.

पण काम त्यानं जीव ओतून केलं. माती खणली, चाळली, भुसा घालून तुडवली, पाणी मारलं, चोपली, वरून दगडी रूळ फिरवला आणि सुकत आली की पुन्हा चोपली. पक्क्या खळ्याची परीक्षा एकच. वरून दाणा टाकायचा. तो रुतला तर काम कच्चं, टणकन उडाला तर पक्कं. खळेकराचा दाणा पार गुडघ्यापर्यंत उडाला, तेव्हा कुठं त्यानं चोपणं खाली ठेवलं.

वावटळ आली आणि थेट रानात गेली. पट्टी बघून ती थांबली. वाकून तिनं मातीवर हात फिरवला, बोटांनी ठोकून बघितलं.

"दादा, हे तू एकट्यानं केलंस?"

"मग काय भाड्यानं आणलं? आवडलं का ते सांग."

तिनं भावाकडं पाहिलं. त्याचे हात सोलवटले होते आणि चेहरा असा फुलला होता की पाहणाऱ्यालाही हसू यावं.

"आवडलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी अख्खा गाव बांधावर बसू लागला. लोहार तर भाता सोडून यायचा. "पोरीचे पाय जमिनीला लागतच नाहीत," तो म्हणायचा, "आणि लागले तर खळेकराचं खळं त्यांना वर फेकतंय." खळेकर हसायचा, पण अंगावर मूठभर मांस चढायचं. बऱ्याच वर्षांनी लोक त्याला त्याच्या कामावरून ओळखत होते.

वावटळीला निघायला थोडे दिवस राहिले असताना बायकोनं त्याला गोठ्यामागं गाठलं.

"एक सांगते. तिनं सांगू नको म्हणून हात धरलाय माझा, पण माझ्यानं राहवत नाही. रोज दुपारी ती न्हाणीत गरम पाण्यात पाय घालून बसते. नडगीला हात लावला तरी कळवळते."

"कशानं?"

"तुमच्या खळ्यानं. तिच्या सरांनी बजावलं होतं, मऊ जमिनीवरच धाव, गवतावर, भुसभुशीत मातीवर. कडक जमिनीवर रोज पाऊल आपटलं की हाडाला मार बसतो. मी म्हटलं, मग धावलीस का बाई? तर म्हणाली, वहिनी, दादाचं तोंड बघितलं आणि माझं तोंडच उघडेना."

खळेकर तिथंच गोठ्याच्या भिंतीला टेकला. धान्यासाठी केलेली जमीन त्यानं हाडामांसाच्या बहिणीच्या पायाखाली घातली होती. दाणा उडाला तेव्हा तो नाचला होता. पाऊल दाण्यासारखं कुठं उडणार, मार हाडालाच बसणार, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. त्याला स्वतःची शरम वाटली आणि त्याहून जास्त त्या हसऱ्या तोंडाची, ज्याच्यापुढं बहीण गप्प बसली.

त्यानं तिला त्याच दिवशी परत पाठवलं. "काही झालं नाही रे, जरा ठणकतंय," एवढंच ती म्हणाली.

शर्यत गावानं लोहाराच्या घरी टीव्हीवर पाहिली. वावटळ जिंकली. शेवटच्या टप्प्यात ती सगळ्यांच्या पुढं होती, पण पाऊल टाकताना तिचा ओठ दातांखाली जात होता. ते फक्त खळेकराला दिसलं. रेषा ओलांडून ती पडली, ती उठलीच नाही. तिला उचलून नेलं. नडगीचं हाड चिरलं होतं. जुळेल, पण असलं धावणं पुन्हा सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आणि दवाखान्यातल्या खाटेवरून ती जगाला म्हणाली, "माझ्या दादानं स्वतःच्या हातानं मला धावपट्टी करून दिली होती."

गावानं खळेकराला खांद्यावर घेतलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती कुबड्यांवर घरी आली, तेव्हा गावच्या पुढाऱ्यानं रानाच्या कडेला मांडव घातला. वावटळीचा सत्कार, मग खळेकराचा आणि मग गावातल्या मुलींची त्याच पट्टीवर शर्यत. "इथून रोज धावतील," पुढारी म्हणाला, "आणि शाळेपुढं असंच आणखी एक करून घेऊ." मुली रांगेत उभ्या होत्या. खळेकराला माईकपुढं ढकललं.

"हिचा पाय मी मोडला," तो म्हणाला. "ही जमीन धावायची नाही. हिचं धावणं माझ्यामुळं संपलं."

मग पुढाऱ्यानं त्याचा खांदा थोपटला, "बघा, किती साधा माणूस," आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खळेकरानं बहिणीकडं पाहिलं. कुबड्या मांडीवर ठेवून तीही टाळ्या वाजवत होती.

तो खाली उतरला, पट्टीवर गेला आणि मुलींच्या पुढ्यात मधोमध मांडी घालून बसला.

"अहो, उठा की," पुढारी म्हणाला. "मुली थांबल्यात."

"थांबू देत. नाहीतर पलीकडं गवतात पळू देत. इथं मी कुणाला पळू देणार नाही."

"डोक्यात हवा गेली," कुणीतरी मागं म्हणालं. लोहारानं समजावून पाहिलं, पुढारी चिडला, पाहुणे कंटाळले. शेवटी मुली गवताकडं गेल्या आणि त्यांच्या मागं गावही गेला.

वावटळ कुबड्या टेकत आली आणि कसंबसं त्याच्या शेजारी बसली.

"टाळ्या का वाजवल्यास?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांसमोर तू रडशील असं वाटलं."

"म्हणजे पुन्हा माझं तोंडच बघितलंस."

तिनं कुबड्या बाजूला सारल्या.

"पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस," तो म्हणाला, "की दादा, ही जमीन मला चालत नाही."

"तू जेवला नसतास त्या दिवशी."

"नसतो जेवलो," खळेकर म्हणाला. "एक दिवस जेवलो नसतो, एवढंच झालं असतं ना गं."