जहाजावर न म्हणायचा शब्द

मित्रांनो, मी एक जुनी फ्रेंच क्रूझर, म्हणजे युद्धनौका आहे. माझे नाव ला कोंस्तांस. तूलों बंदराच्या गोदीत मला तोडायचे काम चालू आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

माझा जन्म ब्रेस्टच्या गोदीतला. पहिल्याच दिवशी इंजिनमिस्त्री गुल्व्हेन केरमारेक माझ्या पोटात उतरला आणि सात वर्षे तिथेच रमला. माझा एकेक व्हॉल्व्ह तो स्वतः पुसायचा. मी त्याची लाडकी होते, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

आमच्याकडे जहाजावर 'ससा' म्हणत नाहीत. पूर्वी जहाजातले ससे दोर कुरतडायचे आणि जहाज बुडायचे, म्हणे. गुल्व्हेन याबाबतीत फारच कडक होता.

"आज लांबकान्याचा रस्सा," आचारी ओनोरा एकदा म्हणाला. "पण पोलाद कुरतडणारा लांबकान्या अजून जन्मायचाय, गुल्व्हेन."

"तोंड बंद ठेवूनही वाढता येतं," गुल्व्हेन म्हणाला.

दुसरे महायुद्ध पेटले. अख्खा हिवाळा मी अटलांटिकमध्ये मालजहाजांची राखण केली. परतल्यावर धक्क्यावर बँड वाजला. मग फ्रान्स हरला आणि मी तूलोंला बांधून पडले. दोन वर्षे ना तेल, ना रंग. गुल्व्हेनचे फडके मात्र थांबले नाही.

बेचाळीसच्या नोव्हेंबरात जर्मन सैन्य आमची जहाजे बळकावायला येणार, अशी कुणकुण लागली. कप्तानांनी गुल्व्हेनला बोलावले.

"मिस्त्री, वेळ आली तर आपणच तळाचे व्हॉल्व्ह उघडून तिला बुडवायचं. खूण म्हणून असा शब्द हवा, जो इथे कोणी चुकूनही बोलणार नाही."

गुल्व्हेनचा चेहरा उतरला. "साहेब, दुसरा एखादा?"

"तुम्हीच सुचवा."

त्याला सुचला नाही.

एका पहाटे रणगाडे धक्क्यावर आले. कप्तानांनी मान हलवली. गुल्व्हेनने सवयीने माझी भिंत पुसली आणि बोलनळीला तोंड लावले. "ससा."

खाली कोणीच हलेना. त्या पहाटे तळाच्या व्हॉल्व्हपाशी मदतीला आचारी ओनोरा उभा होता. "गुल्व्हेन? काय म्हणालास?"

"ससा. आता पुन्हा म्हणायला लावू नकोस, बाबा. उघड."

माणसे वर आली, पाणी आत आले. बंदर उथळ, म्हणून मी उभीच्या उभी तळाला टेकले. जर्मनांच्या हाती ओला डेक तेवढा लागला. मला फार वाईट वाटले, पण राग आला नाही.

युद्धानंतर मला वर काढले ते भंगारासाठी. मित्रांनो, तुमच्या घरी जुने यंत्र असेल तर त्यावरून अधूनमधून फडके फिरवा. आम्हांला ते कळते.

काल गुल्व्हेन गोदीत आला होता. आता त्याला काठी लागते. तोडकाम करणारे कामगार जेवत होते.

"बसा काका, दोन घास खा," एकजण म्हणाला. "सशाचा रस्सा आहे."

गुल्व्हेनने माझ्या उरलेल्या भिंतीकडे पाहिले.

"हळू बोल," तो म्हणाला. "ती अजून इथेच आहे."