बिनरंगी पाणी

ओढ्याच्या वरच्या अंगाला थोरल्या भावाचा सूत रंगवायचा कारखाना होता आणि खालच्या अंगाला, वळणापलीकडे, धाकट्याची रोपवाटिका. वडिलांच्या माघारी जमिनीची वाटणी झाली तेव्हा दोघांनीही ओढ्याकाठचाच तुकडा मागितला, कारण दोघांच्याही धंद्याला पाणी लागणार होतं. त्यावरून भांडण मात्र झालं नाही. ओढा दोघांच्याही दारावरून जात होता, मग भांडायचं कशासाठी?

रोपवाटिका नावाला धाकट्याची होती. तो टेम्पो भरायचा, रोपं पोचवायचा आणि गिऱ्हाइकांशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा. बाकी सगळं त्याची बायको बघायची. बी कधी भिजत घालायचं, कुठल्या रोपाला सावलीत ठेवायचं, कुठलं आता उन्हात काढायचं, हे तिच्याशिवाय कुणी ठरवत नसे. ती बोलायला फटकळ होती. पण रोप एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत घालताना तिचा हात इतका हलका व्हायचा की नवरा बघत राहायचा आणि म्हणायचा, "यातला निम्मा हलकेपणा जिभेत उतरला असता तर..." ती मान वर करून बघायची, आणि वाक्य तिथंच थांबायचं.

ओढ्याचं पाणी रंगीत यायचं. थोरल्याचा कारखाना त्या काठावर एकटा नव्हता, शेजारी आणखी तसेच चार होते. पाणी कधी जांभळं, कधी हिरवट, कधी चहासारखं. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की यंदा बाजारात कुठला रंग चालतोय ते पुलावरून खाली बघून सांगायचे. धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, ते पाणी रोपांना कधीच घालत नसे. तिची स्वतःची विहीर होती, ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. विहिरीचं पाणी नितळ होतं. प्यायला नळ होता, त्यामुळे विहिरीचं पाणी तोंडात घ्यायची वेळ कुणावर येत नसे.

पुढे थोरला रंगवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याच सुमारास ओढ्याबद्दल तक्रारी वाढल्या. वर्तमानपत्रात फोटो आले. नगरपालिकेचे लोक बाटल्या घेऊन येऊन गेले. संघटनेची बैठक झाली आणि त्यात दोन गोष्टी ठरल्या. एक म्हणजे प्रत्येक कारखान्यानं रंग खाली बसवायचा हौद बांधायचा आणि वरचं निवळलेलं पाणीच ओढ्यात सोडायचं. दुसरं म्हणजे ओढ्याच्या दोन्ही काठांनी झाडं लावायची.

थोरल्यानं त्याच संध्याकाळी भावाकडे फोन केला. फोन धाकटीनं घेतला.

"हजार रोपं हवीत," तो म्हणाला. "चांगली, कमरेएवढी. पाऊस सुरू झाला की लावायची. दुसरीकडून घेणार नाही, आधीच सांगून ठेवतो. घरचं काम घरातच राहू दे."

"करते की, दादा. पण नुसती लावून फोटो काढणार, की नंतर पाणीही घालणार?"

थोरला हसला. तिच्या बोलण्याचं तो मनावर घेत नसे. "घालू गं बाई. मी स्वतः घालीन."

धाकटीनं नवीन मांडव घातला, माती चाळली, बी रुजत घातलं. कोंब आले. पण चार पानं फुटली की रोप तिथंच अडायचं. पानांच्या कडा करपल्यासारख्या तांबूस व्हायच्या, मग पान आतल्या बाजूला वळायचं आणि गळायचं. असे प्रकार गेल्या वर्षीही थोडेफार झाले होते, पण तेव्हा तिनं उन्हावर खापर फोडलं होतं. या वेळी तिनं कीड शोधली, सापडली नाही. माती बदलली, सावलीचं कापड दुहेरी केलं, खत बंद केलं. पिशव्यांच्या तोंडाशी पांढरा थर धरत होता. तिला वाटलं, पाण्यात चुना असेल, थोडाफार असतोच. ती जास्त पाणी घालू लागली, तशी रोपं जास्तच मरू लागली.

"कुठंतरी पाणी मुरतंय," धाकटा म्हणाला. आपण केवढं खरं बोलतोय हे त्यालाही माहीत नव्हतं.

इकडे हौद बांधून झाले. चुना आणि तुरटी टाकली की रंगाचा गाळ तळाशी बसायचा आणि वर स्वच्छ पाणी यायचं. ज्या दिवशी पाचही कारखान्यांचं पाणी तसं सुटलं त्या दिवशी लोक पुलावर उभे राहून ओढ्याचा तळ बघत होते. तळाला असतात तसले साधे दगड होते, पण कैक वर्षांत ते कुणी पाहिले नव्हते. थोरल्याच्या गळ्यात हार पडला. ज्या वर्तमानपत्रानं जांभळ्या ओढ्याचा फोटो छापला होता त्यानंच आता नितळ ओढ्याचा छापला. थोरलीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो कापून फ्रिजवर चिकटवला.

त्याच आठवड्यात नवरा-बायको रोपं बघायला आले. थोरली हातात मिठाईचा डबा घेऊन पुढे, थोरला मागे. धाकटी मांडवाच्या तोंडाशी उभी होती. तिनं त्यांना अडवलं नाही आणि या असंही म्हटलं नाही.

मांडवात रांगांमागून रांगा होत्या आणि बहुतेक पिशव्यांत काड्या उभ्या होत्या.

"अगं बाई," थोरली म्हणाली.

थोरला रांगेतून शेवटपर्यंत चालत गेला आणि परत आला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. "मला आधी सांगायचं नाही? वृक्षारोपणाच्या पत्रिका छापायला गेल्यात. आता मी काय काड्या लावू काठावर?"

"मला कळलं असतं तर मीच नसतं सांगितलं?" धाकटी म्हणाली. "सगळं करून बघितलं. मी हात टेकले. तुम्हाला कळत असेल तर तुम्ही सांगा."

"मला काय कळणार रोपांतलं," असं म्हणत तो खाली बसला. त्यानं एका पिशवीवरचा पांढरा थर नखानं खरवडला. रंगाच्या धंद्यातल्या माणसाला कुठलीही पूड बोटांत चोळून बघायची सवय असते. त्यानं चोळली, आणि मग बोट जिभेला लावलं.

त्यानं शेजारच्या पिशवीवरचा थरही तसाच चाखून बघितला.

"पाणी कुठलं घालतेस?"

"विहिरीचं. ओढ्याच्या पाण्याला मी कधी शिवले नाही."

तो विहिरीवर गेला, बादली ओढली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. थोरली मिठाईचा डबा घेऊन तशीच उभी होती.

"मीठ आहे," तो म्हणाला. "आमचं मीठ."

सुताला रंग पक्का चढायचा तर रंगाच्या पाण्यात पोत्यानं मीठ ओतावं लागतं. हे त्याच्या कारखान्यात रोज त्याच्या डोळ्यांदेखत होत होतं. रंग काही अंशी सुतात जातो, मीठ मात्र सगळंच्या सगळं पाण्यात राहतं. तुरटीनं रंग तळाशी बसतो, मीठ बसत नाही. इतकी वर्षं ते ओढ्यातून खाली येत होतं आणि जमिनीतून झिरपत विहिरीत उतरत होतं. दिसत नव्हतं, म्हणून कुणी त्याचा विचार केला नव्हता. नितळ ओढ्यातही ते पहिल्याइतकंच होतं.

"म्हणजे हार उगाचच घातला," धाकटी म्हणाली.

धाकटा टेम्पो लावून विहिरीपाशी आला होता. तो म्हणाला, "दादा, विहीर गेली तर आमचं काही राहत नाही." आवाज चढला नव्हता. थोरल्यानं मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला. डबा थोरलीनं ओट्यावर ठेवला. तो कुणी उघडला नाही.

पुढचे काही आठवडे दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. थोरल्यानं वृक्षारोपण रद्द केलं आणि संघटनेची बैठक बोलावली. त्यानं विहिरीच्या पाण्याची कळशी टेबलावर ठेवली आणि प्रत्येकाला चव घ्यायला लावली. बहुतेकांनी तोंडं वाकडी केली. एकानं घेतलीच नाही. त्याला सगळे अंधारशेठ म्हणत, कारण तो फक्त काळा रंग करायचा. दुसरा कुठलाही रंग त्याच्या कारखान्यात शिरलेला कुणी पाहिला नव्हता. स्वतः मात्र तो पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायचा.

"मीठ तर आपल्या ताटातही असतं," अंधारशेठ म्हणाला. "मिठाला कोण विष म्हणतं? नगरपालिकेनं रंग काढायला सांगितला, तो काढला. आता पाण्यातून मीठ काढायला लावाल, उद्या ओलेपणा काढायला सांगाल."

लोक हसले. मीठ वेगळं काढायची यंत्रं होती, पण ती मोठ्या गिरण्यांना परवडणारी होती. उन्हात पाणी आटवावं तर तेवढी जागा कुणाकडे नव्हती. बैठक तशीच मोडली.

थोरला त्यानंतर रोपवाटिकेत एकटाच गेला. धाकटी रिकाम्या पिशव्यांतली माती बाहेर टाकत होती. त्यानं तिला बैठकीत झालेलं सगळं सांगितलं. का सांगितलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. बहुधा घरी सांगून झालं होतं आणि थोरलीनं नुसतं "हो का" म्हटलं होतं.

"आणि तो काळा माणूस काय करतो?" धाकटीनं विचारलं. "त्यालाही मीठ लागतंच ना?"

"सगळ्यांत जास्त त्याला लागतं. काळ्याला मीठ फार."

"मग तुमचं सगळ्यांचं उरलेलं पाणी त्याच्याच घशात ओता. काळ्यात लाल पडलं काय आणि निळं पडलं काय. दिसणार थोडंच आहे कुणाला?"

ती चिडून बोलली होती आणि पुन्हा मातीकडे वळली. थोरला तिथंच पिशव्यांच्या ढिगावर बसला आणि मग उठून सरळ गाडीकडे गेला. या वेळी चालणं वेगळं होतं.

त्यानं स्वतःच्याच पाण्यापासून सुरुवात केली. आपल्या लाल रंगाचं उरलेलं, निवळलेलं, खारट पाणी त्यानं पिंपात भरून अंधारशेठच्या कारखान्यात नेलं. अंधारशेठ खुर्चीतून उठला नाही.

"एक लडी रंगवून बघा," थोरला म्हणाला. "मीठ नेहमीच्या निम्मं टाका. सूत बिघडलं तर भरपाई माझी."

पहिली लडी बिघडली. काळ्यावर तपकिरी झाक आली आणि अंधारशेठनं ती थोरल्याच्या गळ्यात घातली, हारासारखी. थोरल्यानं ती काढून खिशात कोंबली आणि दुसऱ्या दिवशी दुसरं पिंप नेलं. आधीच्या पाण्यात धुण्याचा सोडा उरला होता, तो आम्ल टाकून मारायला हवा होता. मग कुठल्या रंगाचं पाणी चालतं आणि कुठल्याचं नाही, तेही बघायला लागलं. पिवळ्याचं चालेना, निळ्याचं उत्तम चाललं. अखेर एक लडी अशी निघाली की अंधारशेठ ती घेऊन दारात उजेडात गेला, उलटी केली, सुलटी केली.

"काळी आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती. मग त्यानं विचारलं, "हे पाणी फुकट देणार का तुम्ही?"

"फुकट."

"आणि नळही तुम्हीच टाकणार?"

"अर्धा."

अंधारशेठला पोत्यांनी मीठ वाचणार होतं, त्यामुळे ओढ्याबद्दल त्याला बोलायची गरज पडली नाही. कारखान्यांच्या मागून नळ टाकला गेला. तीन कारखाने जोडले गेले. सगळ्यांत वरचा राहिला. त्याचा मालक म्हणे, माझे रंग फिकेच असतात, माझं मीठ ते काय. पिवळ्याचं पाणी तसंच उरायचं. ते थोरल्यानं आपल्या कारखान्याच्या गच्चीवर उथळ वाफे करून आटवायला घेतलं. तिथं थोरली कपडे वाळत घालायची. तिनं आठवडाभर अबोला धरला आणि मग स्वतःच वाफ्यांतलं पाणी ढवळायला जाऊ लागली. तळाशी पिवळसर मीठ जमायचं. ते पोत्यांत भरून ठेवलेलं आहे. त्याचं काय करायचं ते अजून कुणाला कळलेलं नाही.

ओढ्याच्या पाण्याची चव पहिल्या पावसाळ्यातच बदलली. विहिरीची बदलली नाही. जमिनीत जे मुरायला इतकी वर्षं लागली ते एका पावसात धुऊन निघणार नव्हतं, आणि हे धाकटीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं मांडवाच्या पत्र्याला पन्हळ लावली, टाक्या घेतल्या आणि पावसाचं पाणी बी रुजवण्यापुरतं साठवलं. कोवळ्या रोपांना टाकीचं, मोठ्या रोपांना विहिरीचं, तेही त्यात टाकीचं मिसळून. टेम्पोच्या फेऱ्या कमी झाल्या. धाकट्यानं दोन हंगाम दुसऱ्याचा माल वाहिला आणि त्याबद्दल भावाला कधी बोलून दाखवलं नाही. थोरल्याला त्यानं बोललेलं परवडलं असतं.

हजार रोपं झाली नाहीत. झाली ती दोन वर्षांनी, शे-सव्वाशे. पत्रिका छापल्या नाहीत. थोरला, धाकटा आणि कारखान्यातली काही माणसं एका सकाळी कुदळी घेऊन काठावर गेली. दुपारी थोरली जेवण घेऊन आली. धाकटी एकेक रोप पिशवीतून काढून देत होती आणि खड्डा उथळ दिसला की परत खणायला लावत होती, समोर दीर आहे की नवरा हे न बघता.

"वहिनी, तुम्हीही एक लावा," तिनं जावेला म्हटलं.

"मला नाही बाई जमत. माझ्या हातची कोथिंबीरसुद्धा जगत नाही."

"कोथिंबिरीला कशाला नावं ठेवता? आणा इकडे हात."

थोरलीनं पदर खोचला आणि चिखलात बसली. तिनं लावलेलं रोप थोडं तिरकं झालं. धाकटीनं ते सरळ करायला हात पुढे केला, मग राहू दिलं.

दुपारनंतर सगळ्यांत वरच्या कारखान्याचा मालक काठाकाठानं चालत खाली आला. तो जरा लांबच उभा राहिला आणि कामाकडे बघू लागला. थोड्या वेळानं त्यानं थोरल्याला विचारलं, "तो नळ माझ्या भिंतीपर्यंत आणायला किती लांबी लागेल?"

थोरल्यानं हातातली कुदळ खाली ठेवली आणि दोघं लांबी मोजायला वर गेले.