कंपनीचा अस्सल सेट

गुणवंतरावांनी बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवली, फडक्यात गुंडाळून बाजूला सारली आणि हात मागे केला.

"जयंती, ट्रे."

जयंतीबाईंनी अंड्यांचा रिकामा ट्रे त्यांच्या हातात दिला. निघेल तो स्क्रू एकेका खळग्यात जाणार आणि ज्या क्रमाने निघाला त्याच्या उलट क्रमाने परत बसणार, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त. जपानमधल्या त्सुकुबाच्या संस्थेत भूकंपाची यंत्रं जुळवताना त्यांनी कधी एक वॉशरसुद्धा उरू दिला नव्हता.

गाडी बारा वर्षांची. घेतली तेव्हा विक्रेत्याने नॅव्हिगेशनबद्दल विचारलं होतं. गुणवंतरावांनी डावीकडे बसलेल्या बायकोकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "माझं हे इथे बसतं. मराठीत बोलतं आणि वर चिडतं." विक्रेत्याला अर्धंच कळलं, पण तो पोट धरून हसला होता.

खोटं काही नव्हतं त्यात. सत्त्याऐंशी साली ती दोघं इथे आली तेव्हा त्सुकुबाला रेल्वेसुद्धा नव्हती. रुंद, सरळ, एकासारखे एक रस्ते आणि दोन्ही बाजूंना नुकतीच लावलेली झाडं. कुठे वळायचं याला खूणच सापडायची नाही. जयंतीबाईंनी नकाशांचं जाडजूड पुस्तक घेतलं आणि पेन्सिलने त्यात मराठीत लिहायला सुरुवात केली. 'निळी टाकी.' 'कुत्रा भुंकतो ते वळण.' 'इथे मुळीच वळू नये.' तूरडाळ आणि हिंग आणायला योकोहामाला जायचं, तेव्हा पुस्तक मांडीवर, पुढचं वळण ओठांवर आणि मागे छोटा केदार झोपलेला. "दुसऱ्या सिग्नलला डावीकडे." एवढं वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही.

म्हणूनच कुणाला कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी, नेहमीच्या दंतवैद्याकडून परतताना, गुणवंतराव एका सिग्नलला थांबले आणि म्हणाले, "आता?" त्या रस्त्याने ती दोघं शेकडो वेळा गेली असतील. जयंतीबाई म्हणाल्या, "उजवीकडे." तेव्हापासून त्या प्रत्येक वळण सांगत आल्या. बघणाऱ्याला वाटायचं, बाईंची जुनी सवय, दुसरं काय.

आता परवान्याचं नूतनीकरण चार महिन्यांवर आलं होतं. पंचाहत्तरीनंतर स्मरणशक्तीची परीक्षा द्यावी लागते. केदारला शंका होती. तो टोकियोजवळ इचिकावात राहायचा, महिन्यातून एकदा यायचा. त्याची बायको मिताली या दोघांसाठी तिथेच जवळ फ्लॅट बघत होती. त्सुकुबात गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. परवाना गेला की अडतीस वर्षांचं घर गेलं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"फोन लाव ना समोर, मॅप्स फ्री आहे," केदारने सुचवलं होतं.

"फोन घसरतो. गाडीला गाडीचंच हवं. जुन्सेई," गुणवंतराव म्हणाले. जुन्सेई म्हणजे कंपनीचा अस्सल. मग त्यांनी भंगारात गेलेल्या याच मॉडेलच्या गाडीचा नॅव्हिगेशन सेट शोधून काढला आणि स्वतःच बसवायला घेतला.

दोन दिवस सकाळी काम चाललं. प्लास्टिकची पाचर घालून त्यांनी डॅशबोर्डची चौकट उचकटली. टक्, टक् करत खटके सुटले, एकही मोडला नाही. जुना रेडिओ बाहेर आला. मागच्या तारांच्या जुडग्यातून वेगाचा संकेत देणारी तार त्यांनी बरोबर हुडकली, हँडब्रेकची हुडकली, अँटेनाची तार काचेच्या कडेने अशी नेली की दिसू नये. हात कुठे म्हणून अडखळले नाहीत. जयंतीबाई बाजूला स्टुलावर बसून बघत होत्या. त्या हातांकडे बघून कोणी काही म्हणालं असतं तर त्यांनीच त्याला वेड्यात काढलं असतं.

पडदा उजळला. ट्रे रिकामा होता. गुणवंतरावांनी घराचं चित्र असलेल्या बटणावर बोट ठेवलं, पडद्यावर काही अक्षरं आली.

"घर टाकून झालंय की," ते म्हणाले. "बघ. तुझी नोकरी गेली आता."

"पेन्शन द्या मग."

"अर्ज कर. विचार करू."

केदारने व्हिडिओवर सगळं पाहिलं. "बाबा, सुपर! फॅक्टरी फिटिंगच वाटतंय." मग आईशी एकटीशी बोलताना त्याचा आवाज खाली आला. "हे सगळं ते करू शकतात तर कदाचित मीच उगाच... आई, एक कर. उद्या जा कुठेतरी, आणि तू एक शब्द बोलू नकोस. नॅव्हिगेशन बोलू दे. संध्याकाळी मला खरं काय ते सांग. तू सांगशील ते मी ऐकेन. जमलं तर फ्लॅटचा विषय मी परत काढणार नाही."

"बरं," जयंतीबाई म्हणाल्या. जेवणं झाली, भांडी झाली, त्यांना नेहमीसारखी झोपही लागली.

सकाळी ती दोघं त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या भाजीच्या दुकानात गेली. गुणवंतरावांनी पावतीवरचा दुकानाचा फोन नंबर सेटमध्ये टाकला आणि पडद्यावर रस्ता उमटला. सेटमधली जपानी बाई वळणं सांगत गेली, गुणवंतराव वळत गेले. एकदाही "आता?" नाही. जयंतीबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मांडी रिकामी रिकामी वाटत होती. दुकानाच्या आवारात गाडी लागली तेव्हा त्यांच्या मनात आलं, जमलं. मग पडदे धुवायला काढावेत, असंही आलं.

मुळे घेतले, कोवळा पालक घेतला. परत गाडीत बसल्यावर गुणवंतरावांनी घराचं बटण दाबलं.

आवारातून बाहेर पडताना सेटमधली बाई म्हणाली, डावीकडे. घर उजवीकडे होतं. जयंतीबाईंना वाटलं, दुसरा रस्ता असेल. दोन सिग्नल गेले. घरी जाताना डोंगर पाठीशी असायला हवा. तो डाव्या खिडकीत होता आणि तिथेच राहिला. तिसऱ्या सिग्नलला त्यांना समजलं. घर कोणी टाकलंच नव्हतं. ते सेटमध्ये आधीपासून होतं. भंगारात गेलेल्या गाडीच्या मालकाचं.

एका शब्दाचं काम होतं. त्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं. चेहरा शांत, दोन्ही हात चाकावर. आता त्यांच्या लक्षात येईल, असं वाटून जयंतीबाई गप्प राहिल्या. पूल आला, तसला पूल घराच्या वाटेवर नव्हता. आता येईल लक्षात. कमळाची शेतं लागली, गुडघाभर पाण्यात माणसं कमळकाकड्या उपसत होती.

"यंदा पाणी बरंच आहे," गुणवंतराव म्हणाले.

"हो."

पाऊण तास झाला. जयंतीबाईंना काही वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. त्या फक्त मोजत होत्या, अजून किती वळणं.

निळ्या कौलांच्या एका घरापाशी बाई म्हणाली, तुम्ही पोहोचलात. गुणवंतरावांनी गाडी वळवून रिकाम्या छपराखाली मागे घेत अगदी सरळ लावली आणि इंजिन बंद केलं.

"आलो."

पिशवी घेऊन ते दारापाशी गेले. दारावर दुसऱ्याच आडनावाची पाटी होती. त्यांनी खिशातून गाडीच्या आणि घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि घराची किल्ली कुलपात घातली. फिरेना. पुन्हा घातली.

"अडकतंय काहीतरी. तू बघ जरा." त्यांनी जुडगा जयंतीबाईंच्या हातात दिला.

दार आतून उघडलं. पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या, अंगावर एप्रन, हाताला पीठ. त्यांनी ह्या दोघांकडे पाहिलं, मग मागच्या गाडीकडे पाहिलं आणि तिच्याकडेच पाहत राहिल्या. जयंतीबाई कमरेतून वाकल्या. चुकून आलो, घर चुकलं, फार फार माफ करा, असं जपानीत दोन-तीनदा म्हणाल्या.

गुणवंतराव जरा बाजूला सरकले आणि मराठीत हळूच म्हणाले, "कोण गं ह्या? आपल्याकडे केव्हा आल्या? आत घे ना त्यांना. चहा टाक."

त्या बाईंना शब्द कळले नाहीत, पण बाकीचं कळलं असावं. त्यांनी पायरीवरच दोन उशा आणून ठेवल्या. "बसा," म्हणाल्या. "माझे वडीलही शेवटी शेवटी..." आणि त्या आत गेल्या.

फोन वाजला. केदार ऑफिसमधून बाहेर येऊन बोलत होता, मागे गाड्यांचा आवाज होता.

"काय झालं आई? नॅव्हिगेशन चाललं का?"

जयंतीबाईंच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. सेटमध्ये जुन्या मालकाचा पत्ता राहिला होता, म्हणून चुकलो. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. तरणाताठा माणूसही फसला असता. केदार हसला असता, पत्ता पुसायचा कसा ते त्याने सांगितलं असतं, आणि घर राहिलं असतं.

गुणवंतराव उशीवर बसून अनोळखी बागेतल्या पर्सिमनच्या झाडाकडे पाहत होते. "ह्याला खत घालायला हवं," ते म्हणाले.

"सेट चांगला चालला," जयंतीबाई म्हणाल्या. "त्याचं काही चुकलं नाही. दुसऱ्याच्या घरी आणलं त्याने, पाऊण तास. मी बोलले नाही. बाबांनी दाराला किल्ली लावली, केदार."

"त्यांना अजूनही कळलेलं नाही?"

"नाही."

"मी निघतो. लोकेशन पाठव. दोन तास लागतील. आई, परत येताना त्यांना चालवू देऊ नकोस. किल्ली कुठे आहे?"

"माझ्याकडे आहे. त्यांनीच दिली."

"आणि तू? तू ठीक आहेस ना?"

जयंतीबाईंनी जुडगा पर्समध्ये टाकला, चेन लावली. "पत्ता पाठवते," त्या म्हणाल्या आणि दारावरची पाटी वाचण्यासाठी चष्मा शोधू लागल्या.