दोन रिकामे रकाने

आमच्या मराठी संघाच्या वधूवर नोंदणीचा प्रोग्राम मी लिहिला, हे हल्ली मी तंजावुरात मोठ्याने सांगत नाही. पूर्वी सांगायचो. कोणी न विचारताही सांगायचो. चेन्नईच्या एका कंपनीसाठी लोकांचा खराब डेटा घरबसल्या स्वच्छ करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तेव्हा आपल्या माणसांसाठीही काहीतरी करावं, असा एक उदात्त विचार माझ्या मनात आला. त्या उदात्त विचाराचं नाव भारती होतं, पण ते मी स्वतःलासुद्धा नीट कळू दिलं नव्हतं.

भारती आमच्याच गल्लीतली, राजवाड्यामागची. ओरत्तनाडूच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, रोज बसने जाते-येते. मला लहानपणापासून ओळखते आणि तरीही माझ्याशी बोलते. संघाचे चिटणीस सूर्यनारायण मामा घरोघर फिरून अर्ज गोळा करायचे, भारती ते संगणकावर चढवायची आणि कोणाचं कोणाशी जुळतं याची यादी मी काढायचो. भारती अर्जात असेल तेवढंच चढवायची, मनाचं काही घालायची नाही. माझं नेमकं उलट.

आमची माणसं थोडी आणि सगळी एकमेकांना ओळखणारी. त्यामुळे अर्ज भरायचा म्हणजे काय, हे कोणालाच पटत नाही. गोत्राचा रकाना बहुतेकांनी कोराच ठेवलेला. का, तर "आमचं गोत्र कोणाला ठावं नाही?" जन्मवेळ कोणी लिहिली होती, "सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर". एका आजोबांनी नातवाच्या उंचीपुढे "बापापेक्षा जास्त" असं लिहून खाली सही ठोकली होती. असं काही समोर आलं की प्रोग्राम अडखळून बंद पडायचा. खरं म्हणजे त्याचं बरोबरच होतं. मला हे कळत नाही, माणसाला विचार, एवढंच तो सांगत होता. मी त्याला गप्प बसायला शिकवलं. चूक आली तर गिळून टाक आणि पुढच्या नावाकडे जा, अशी सोय करून दिली. माझ्या स्वभावाचं इतकं हुबेहूब चित्र मी दुसरीकडे कुठे काढलेलं नाही.

मग छापील यादी बघून सूर्यनारायण मामांनी नाक मुरडलं. "रिकामं रिकामं दिसते रे हरी. कल्याणाचं, लग्नाचं काम आहे, काही तरी घाल त्यात." मी लगेच प्रत्येक कोऱ्या जागी एक आडवी रेघ घातली. मामा खूश, मी खूश. आता डेटाबेसला एक गोष्ट उपजत कळते. त्याला विचारलंत, ही कोरी जागा आणि ती कोरी जागा सारखी आहे का, तर तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ठाऊक नाही, म्हणतो. पण रेघ आणि रेघ सारखी आहे का, असं विचारलंत तर तो बिचारा हो म्हणणारच. आणि सगोत्र लग्न नको, हा नियम तर मीच लिहिला होता. ज्यांनी ज्यांनी गोत्र लिहिलं नव्हतं, त्या सगळ्यांना मी एका फटक्यात बहीणभाऊ करून टाकलं.

हे मला आता कळतंय. तेव्हा मी चाचणी म्हणून स्वतःचंच नाव घातलं होतं. नाव, जन्मतारीख आणि डोक्यावर केस होते त्या काळातला एक फोटो. बाकीचं नंतर भरू म्हटलं, आणि अर्थातच भरलं नाही. मग खोलीचं दार लोटून घेतलं आणि भारतीच्या घरून आलेल्या अर्जाशी जुळवून पाहिलं. उत्तर आलं, "अयोग्य. सगोत्र."

मी कौशिक गोत्राचा. म्हणजे भारतीही कौशिकच असणार, असा निष्कर्ष मी काढला. अम्मा पलीकडे स्वयंपाकघरात होती, भारतीचं घर हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, पण मी कोणालाही काही विचारलं नाही. यंत्राने सांगितलं होतं ना! मी वर्षभर झुरलो. खरं सांगतो, त्यात एक सुखही होतं. प्रेम अशक्यच असलं की धीर करून बोलायची कटकट उरत नाही.

त्या वर्षात संघामार्फत जेमतेम एखादं लग्न जुळलं. मामांनी शनीला दोष दिला, वडीलधाऱ्यांनी मुलींच्या शिक्षणाला. मी तज्ज्ञाच्या चेहऱ्याने म्हणालो, "डेटाच खराब आहे."

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात गेलो होतो. भारतीचे वडील हनुमंतराव वड्यांची माळ घेऊन अर्चनेला उभे होते. भटजींनी विचारलं, "गोत्र?"

"श्रीवत्स," हनुमंतराव म्हणाले. "भारतीच्या नावाने करा."

मी प्रदक्षिणा घालत होतो, तो थांबलोच. मागून येणाऱ्या बाई माझ्यावर आदळल्या.

"तुमचं गोत्र कौशिक ना?" मी विचारलं.

हनुमंतरावांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कौशिक तुमचं रे. आमचं श्रीवत्स. तुझ्या अम्मेला ठावं आहे, असक्यांना, साऱ्या गल्लीला ठावं आहे. तुजला काय झालं?" मग जरा जवळ येऊन म्हणाले, "पापनाशमचे लोक रविवारी भारतीला पाहायला येतात. मुलगा बँकेत आहे. देवाने मनावर घेतलं पाहिजे."

मी प्रसादाचा वडासुद्धा न घेता घरी पळालो. चूक शोधायला काही वेळ लागला नाही. ती समोरच होती, आडवी पडलेली. आधी मला हसू आलं, मग लाज वाटली, आणि मग रविवार आठवला. मी रेघा पुसल्या, कोऱ्या जागा पुन्हा कोऱ्या केल्या, स्वतःचं आणि भारतीचं गोत्र भरलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. माझ्या नावापुढे उमटलं, "भारती. योग्य. दोघांची पसंती: होय." तो "होय" मी कितीदा वाचला ते विचारू नका. कागद छापला आणि चपला उलट्या घालून निघालो.

भारती घरापुढच्या ओट्यावर बसून उत्तरपत्रिका तपासत होती.

"बग सापडला," मी म्हणालो. वर्षभर मनात घोळवलेल्या प्रेमाचं पहिलं वाक्य हे असं निघालं.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे वर्षभर मी तुझी बहीण होते?"

"प्रोग्रामप्रमाणे."

"आणि तू ते मानलंस? अय्यो, हरी! अम्मेला एक शब्द विचारायचं की रे!" ती इतकी हसली की मांडीवरच्या उत्तरपत्रिका खाली घसरल्या. मीही हसलो. मला वाटलं, झालं, जिंकलं. मग तिने कागदावरची पुढची ओळ वाचली आणि तिचं हसू थांबलं.

"माझी पसंती होय, हे कोणी भरलं?"

पसंतीचा रकाना कोरा असेल तर होय समजायचं, हाही माझाच नियम होता. आईबापांनी अर्ज दिला म्हणजे पसंती आलीच की, असं मामा म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती. दुरुस्ती करताना मी गोत्राचीच तेवढी केली, कारण ती चूक मला नडत होती. ही चूक माझ्या सोयीची होती.

"तो रकाना मी रिकामा ठेवला होता," भारती म्हणाली. आवाज शांत होता, त्यामुळे जास्तच लागला. "मजला कोणी विचारलं नव्हतं म्हणून. आधी तुझ्या मशीनने माझ्यातर्फे नाही सांगितलं, आता हो सांगते. ह्यात मी कोठे आहे?"

"चुकलं," मी म्हणालो.

"आणि तुझी पसंती? ती तरी तू भरलीस का? ती फाइल मीच बघते, हरी. तुझाही रकाना रिकामाच आहे."

गल्लीतून एक स्कूटर गेली. ती लांब जाईपर्यंत मी तिच्याकडे अगदी मन लावून बघत राहिलो.

"आता भर," भारती म्हणाली. "तोंडाने."

"मजला तू हवीस," मी म्हणालो. "दुसरं कोणी नक्को. पहिल्यापासून तूच हवी होतीस, भारती. मला भीती वाटायची." आत चाललेला मिक्सर बंद झाला. तिची आई ऐकत होती.

भारतीने उत्तरपत्रिका गोळा केल्या, कडा सारख्या केल्या. तिचे कान लाल झाले होते, पण नजर सरळ माझ्यावर होती.

"सरी, ठीक आहे. तुझं कळलं. माझं मजला अजून ठावं नाही. रविवारी ते लोक येतील, अप्पांनी बोलावलंय, त्या मुलाशी मी नीट बोलेन. तुझ्याबद्दल असा विचार मी कधी केलाच नाही, तू करू दिलासच कधी? आता करीन. ठावं झालं की मीच येऊन सांगेन. तोवर माझ्या नावापुढे काही भरू नकोस."

मी घरी आलो. तो नियम काढून टाकला आणि तिच्या नावापुढचा "होय" पुसायला घेतला. आयुष्यात मला मिळालेला तो पहिला होकार होता, आणि तोही मीच लिहिलेला.