मथुराबाईंच्या ओसरीतला दिवा

बोरी अरबच्या विहारामागच्या खोलीत बीएस्सी झालेली रुपाली दर रविवारी गावातल्या बायकांना घरातले दिवे, पंप आपोआप चालवायला शिकवायची. फी नव्हती, अट होती. शिकलेलं घरी लावायचं, आणि बिघडलं तर चूक नावानिशी फळ्यावर लिहायची.

खोली देताना विहाराची देखरेख करणाऱ्या उकंडाबाबांनी बजावलं होतं, "गावात हसं झालं, तं चावी वापस."

आज ते झालं. तिच्या वर्गातल्या मथुराबाईंनी अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा जोडला होता. विहारात तो नीट चालला. घरच्या ओसरीत मात्र दिवेलागणीपासून लागे, विझे, लागे, विझे. अर्धी गल्ली गोळा झाली.

"मॅडम, तुमचा दिवा तं डोळा मारून राह्यला!" गावातला वायरमन देवीलाल ओरडला. "बायकाइचं काम हाय का हे?"

उकंडाबाबांनी हात पुढे केला. "चावी दे, पोरी."

"नाही देत," रुपाली म्हणाली. "आधी चूक सापडू द्या."

तिने पेचकस उचलला. मथुराबाईंनी तो काढून घेतला. "माह्या हातचं हाय. मीच पाहीन."

वायरी घट्ट होत्या. दिव्याचा उजेड अंधार ओळखणाऱ्या सेन्सरवर पडू द्यायचा नाही, हे रुपालीचं सांगणं बाईंनी तंतोतंत पाळलं होतं. सेन्सरची पाठ दिव्याकडे होती. बाई निरखायला त्याच्यासमोर गेल्या आणि दिवा स्थिर झाला. बाजूला सरकल्या, पुन्हा मिचमिच. त्या मागे वळल्या. भाव पडल्याने न विकलेला कापूस ओसरीत आढ्यापर्यंत रचला होता, पांढराशुभ्र.

"अवं, हा कापूसच उजेड वापस फेकून राह्यला! सेन्सरले वाटते, दिवस उगवला."

त्यांनी सेन्सर अंगणाकडे वळवला. दिवा लागला तो लागलाच.

"मॅडमनं आधी काहून नाही सांगितलं?" देवीलाल अजून हटत नव्हता.

"मलेच माहीत नव्हतं," रुपाली म्हणाली. "विहारात कापूस कुठं हाय? रविवारी या देवीलालभाऊ, तुमालेही शिकवतो आम्ही."

उकंडाबाबांचा हात अजून पुढेच होता. रुपालीने चावी ओढणीच्या टोकाला बांधली आणि गाठ करकचून आवळली. बाबांनी हात खिशात घातला.

रविवारी तिने फळ्यावर लिहिलं: चूक, रुपाली. सेन्सर कापसासमोर चालत नाही. शोध, मथुराबाई.

"माह्यं नाव मोठं लिही," बाई मागून म्हणाल्या. "देवीलालले दारातूनच वाचता आलं पाह्यजे."