दाराजवळची खुर्ची रिकामी नव्हती

मित्रांनो, मी ग्रंथालयाच्या वाचनकक्षातली, दाराजवळची एक जुनी लाकडी खुर्ची आहे.

जन्म. सुताराने मला सागवानातून घडवलं. स्वतः बसून पाहिलं आणि म्हणाला, "ही आपल्याला पुरून उरेल."

कौतुक. परीक्षा जवळ आल्या की मुलं माझ्यावर रुमाल टाकून जागा धरत.

उपेक्षा. हा भाग मला धड सांगता येत नाही. मुलं माझ्यावर बसेनाशी झाली, हे खरं. जवळ येत, अंग चोरत, पुढे जात. पण मी रिकामी नव्हते. माझ्यावर कोणीतरी बसलेलं असे. वजन हलकं, हालचाल नाही. कोणाची तरी वाट पाहत बसावं, तसं.

मग ग्रंथालयशास्त्राची एक संशोधक आली. वाचक कुठे बसतात, यावर तिचा प्रबंध होता. हातात कक्षाचा नकाशा. दर तासाला फेरी मारायची, भरलेल्या खुर्चीवर खूण करायची. पडताळणीसाठी तिची मैत्रीण वेगळ्या नकाशावर तशाच खुणा करी. दोघींच्या खुणा जुळायला हव्या होत्या. सगळ्या जुळत. माझी सोडून.

"दाराजवळ कोण होतं गं?" मैत्रिणीने विचारलं.

"एक बाई. मान खाली घालून बसलेली."

"चष्मा बदल. तिथे चिटपाखरूही नव्हतं."

मार्गदर्शक मॅडमनी नकाशे परत केले. "उद्या माझ्यासमोर एक फेरी मारा. जुळलं तर सही करते. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

त्या रात्री संशोधक मुलीने काय विचार केला, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ती सरळ माझ्याकडे आली. डोळे घट्ट मिटले आणि बसली.

"मी इथूनच मोजते, मॅडम."

"लबाड," मैत्रीण पुटपुटली. पण बसलेलं माणूस डोळ्यांसमोर होतं. तिनेही माझ्यावर खूण केली.

एकावर एक दोन वजनं. माझे सांधे करकरले. समोर मॅडमनी सही केली. ती उठली.

दोन्ही वजनं एकदम उतरली.

मित्रांनो, इतकं हलकं वाटायची मला सवय नव्हती. मला भीती वाटली.

शिपाईकाका दार धरून उभे होते. ती बाहेर पडली, तरी त्यांनी दार सोडलं नाही.

"लावा ना, काका. गार वारा येतोय."

"लावतो, ताई. तुमच्या मागच्या बाईंना तर बाहेर पडू द्या."

तिने मागे पाहिलं नाही. तिची पावलं तेवढी भराभर वाजू लागली. तिच्यामागची वाजलीच नाहीत.

म्हणून एक विनंती आहे. आम्हाला फरफटत ओढू नका, आमच्यावर उभे राहू नका, हे तर तुम्हाला शाळेतच सांगितलेलं असतं. पण बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवा आणि हळूच विचारा, "इथे कोणी आहे का?" उत्तराची वाट पाहा. तोवर थोडं उभं राहिलात, तर काही बिघडत नाही.